पहिलं कनेक्शन गुरुजींच्या घरी

गुरुवार होता. तुमच्या कागदावर शुक्रवार छापलंय, तेवढं आधी दुरुस्त करा — नंतर नको, आत्ताच करा, पेन आहे की तुमच्या खिशाला. गुरुवार, अठरा एप्रिल, येत्या एप्रिलात दोन वर्षं होतील. सकाळची शाळा होती, अकराला सुटली, मी घरी आलो. सुकन्या, म्हणजे माझी भावजय, भाकरी थापत होती. जोतीराम, माझा धाकटा भाऊ, अंगणात मोटारसायकलला केबलचं भेंडोळं बांधत होता. दिवस कसा होता विचाराल तर आदल्या दिवसासारखा होता. तेच ऊन, त्याच कोंबड्या, तीच शेंगाची चटणी. तुमच्या माणसानं इथं लिहिलंय, ‘तो काळा दिवस’. पांढरा होता, साहेब. एप्रिलात आमच्याकडं सगळं पांढरं दिसतं — पाणी, गाळ, आभाळ, सगळं. लिहिणारा पुण्यात बसून लिहितो, त्याला काय ठाऊक. पण सही मात्र माझी हवी खाली.

बसा. त्या खोक्यावर बसलात तरी चालेल, तुमचंच आहे. पाणी हवं तर माठ तिथं आहे. घरात दुसरं कुणी नाही, सुकन्या डेअरीला दूध घालायला गेलीय, ती यायच्या आत आपलं आटपलं तर बरं. तर तुमचं म्हणणं असं — ही उपग्रहाच्या इंटरनेटची तबकडी माझ्या गच्चीवर बसवायची, कारण आमची वस्ती उंचावर आहे आणि वर आभाळ मोकळं आहे. गावातलं पहिलं कनेक्शन गुरुजींच्या घरी. इथवर ठीक. मग मी गच्चीवर उभं राहायचं, पाठीमागं उजनीचं पाणी, हातात भावाचा फोटो, आणि एक मिनिट बोलायचं. काय बोलायचं तेही तुम्ही लिहून आणलंय. ‘त्या दिवशी रेंज असती तर माझा भाऊ आज असता.’ वा. आमच्याकडं हिवाळ्यात गाड्या भरभरून लोक येतात फोटो काढायला, पण ते रोहित पक्ष्यांचे काढतात. पक्ष्याला निदान कुणी म्हणत नाही, जरा इकडं तोंड करा आणि भावाबद्दल दोन शब्द बोला.

नाही, मला ते समजावून सांगू नका. विज्ञान शिकवतो मी, एकोणतीस वर्षं झाली जिल्हा परिषदेच्या शाळेवर. तुमचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरवरून फिरतात. म्हणजे आमच्यापासून नागपूर जेवढं लांब तेवढं, फक्त उभं. दीड तासात पृथ्वीला एक फेरी. एक डोक्यावरून निघून जातो तोवर दुसरा येतो, थांबत कुणीच नाही, म्हणून हजारांनी सोडावे लागतात. चार-पाच वर्षांत म्हातारे होतात, खाली येता येता जळून जातात, मग नवे सोडायचे. बरोबर ना? मान हलवताय म्हणजे बरोबर असणार. गेल्या दिवाळीनंतर एकदा दिवेलागणीला वस्तीवरची पोरं पळत आली — गुरुजी, आभाळात रेल्वे. बाहेर येऊन बघतो तर एकामागं एक ठिपके, सुतानं आखल्यासारखे, पाण्याच्या अंगानं वर चढत होते. चौथीतली एक पोरगी म्हणाली, ही कुर्डुवाडीला थांबती का ओ गुरुजी. मी हसलो. दोन वर्षांत हसलो असेन तर तेवढाच. दुसऱ्या दिवशी फळ्यावर चित्र काढून शिकवलं सगळं. आणि शिकवता शिकवता माझ्या डोक्यात आलं की हे आत्ता आलेलं नाही, हे त्या गुरुवारीही वर होतं. जोती गाळात उतरला तेव्हाही डोक्यावरून जातच होतं. फक्त आमच्यासाठी नव्हतं — परवान्याचं काहीतरी राहिलं होतं म्हणे. खडू हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो. पोरांना वाटलं गुरुजी विसरले.

तुमच्यावर राग? तुमच्यावर कशाला राग धरू, तुम्ही नोकरी करताय. राग येतो तो या कागदाचा. कोण कुठली कंपनी, तिला आमच्या गावाचं नाव धड लिहिता येत नाही, आणि ती मला सांगते माझा भाऊ कशानं गेला. — हो, अर्ज आमचाच होता. ग्रामपंचायतीचा. सरपंच अभिमन्यू माझाच विद्यार्थी, त्याला सगळे अर्ज माझ्याकडूनच लिहून लागतात. रस्त्याचा, टँकरचा, एसटीचा, सगळे मीच लिहिलेत. तो म्हणाला, गुरुजी, जोतीआप्पांचं घाला त्यात, त्याशिवाय वर कुणी वाचत नाही. आणि मी घातलं. काय घातलं? तुमच्याकडं मूळ प्रत आहे ना, काढा. वाचा. ‘वेळेवर संपर्क होऊ न शकल्याने.’ एवढंच लिहिलंय मी. रेंजचा शब्द मी लिहिलेला नाही. रेंज सरपंचानं घातली, पुढच्या कागदात. त्याच्या पुढच्या कागदात तुमच्या लोकांनी ‘भाऊ आज असता’ घातलं, काळा दिवस घातला, आणि आता गच्चीवर तबकडी आली.

तुम्हाला मोटार म्हणजे काय ते तरी सांगितलंय का कुणी? तुम्ही शहरातले, मोटार म्हटलं की तुम्हाला चार चाकं दिसणार. आमची पाणी उपसायची मोटार पाण्यात असते, तराफ्यावर, रिकाम्या पिंपांच्या. धरण भरलेलं असलं की पाणी पार त्या बाभळीपर्यंत येतं, तेव्हा काम सोपं. फेब्रुवारी लागला की पाणी मागं सरकायला लागतं. रोज थोडं सरकतं, दिसत नाही. आठवड्यानं बघावं तर मोटार गाळात बसलेली. मग तिला पुढं ढकलायची, पाइप जोडायचे, केबल कमी पडली की सांधा मारून वाढवायची. चिखल मांडीएवढा असतो. त्या वर्षी तर पाणी इतकं मागं गेलं होतं की वस्तीपासून मोटारीपर्यंत दीड हजार फूट केबल झाली होती. आणि स्टार्टरची पेटी इथं, घराच्या मागच्या भिंतीला, जिन्याजवळ — काठावर ठेवली तर चोरीला जाते. पेटीला ऑटो बसवलेला आहे, सगळेच बसवतात. शेतीची थ्री फेज लाईट ठरल्या वेळेला येते, ती आली की मोटार आपोआप सुरू होते, माणूस लागत नाही. माणूस लागत नाही हे चांगलं वाटतं ऐकायला.

म्हणून आमच्याकडं एक रीत आहे. कुणी शिकवलेली नाही, पण काठावरच्या प्रत्येक वस्तीवर आहे. जो पाण्यात उतरणार, त्यानं पेटीतले तीनही फ्यूज काढायचे आणि स्वतःच्या खिशात घालून न्यायचे. पांढऱ्या चिनी मातीचे असतात, एवढे एवढे. दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत, खिडकीत ठेवायचे नाहीत, बायकोला सांभाळायला सांगायचे नाहीत. स्वतःच्या खिशात. म्हणजे मग लाईट येवो, ऑटो असो, शहाणा असो, वेडा असो, कुणाला मोटार लावता येत नाही. जोती चालायला लागला की त्याच्या खिशात ते वाजायचे. त्याची पोरगी, दिपाली, लहान असताना म्हणायची, बाबाच्या खिशात कपबशी हाय. आता सोलापूरला नर्सिंगला आहे. तिला हे कनेक्शन हवंय, खोटं कशाला सांगू. सुट्टीत घरी आली की लेक्चर बघायला गच्चीवर त्या टाकीच्या कोपऱ्यात उन्हात बसते, डोक्यावर ओढणी घेऊन. घरात रेंज नाही. टाकीच्या कोपऱ्यात आहे. तिथंच आहे, एका माणसाला बसता येईल एवढ्या जागेत.

काय म्हणालात?

नाही, ऐकू आलं मला. परत म्हणा. — काठावर सिग्नल चांगला दाखवतंय. तुमच्या यंत्रात. म्हणजे सकाळी तुम्ही माझ्याकडं यायच्या आधी काठावर जाऊन आलात. कुणी पाठवलं होतं? सर्व्हे. असं. पाण्यापाशी चार काड्या आणि वस्तीवर एक. हुशार आहात. तुमच्या वरच्या साहेबांनी हे विचारलं नाही, सरपंचानं विचारलं नाही, पंचनाम्याला आलेल्या लोकांनी विचारलं नाही, दोन वर्षांत एका माणसानं विचारलं नाही, आणि तुम्ही खोक्यावर बसून विचारताय. बरोबर दाखवतंय तुमचं यंत्र. समोरच्या काठाला टॉवर आहे, मध्ये नुसतं पाणी, आडवं काही नाही. पाण्यावर रेंज चांगलीच असते. होडीतले लोक मुंबईला बोलतात तिथनं. हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. तरी कुणी म्हणालं नाही. का म्हणाले नाहीत? मला विचारताय? माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले नसतील.

ठीक आहे, मग पुढचंही विचारा. गच्चीवर एक काडी आहे म्हटल्यावर फोन इथं लागला असता की नाही? लागला असता. लागला. — हो, लागला म्हणालो मी. तुम्ही तो टॅब बाजूला ठेवा आधी. चालू नाही ना काही? दाखवा. बरं.

मी गच्चीवरच होतो. टाकीच्या कोपऱ्यात, मांडीवर लॅपटॉप, शेजारी मोबाइल, मोबाइलचं नेट लॅपटॉपला लावलेलं. शाळेची माहिती ऑनलाइन भरायची शेवटची तारीख होती. त्रेसष्ट मुलं, एकेकाची चाळीस रकाने माहिती. तीन दिवस भरत होतो, आणि शेवटी सगळी एकदम वर पाठवायची. ते गोल गोल फिरतं ना, ते फिरत होतं. बत्तीस टक्के, एकेचाळीस टक्के. आमच्याकडं तेव्हा असं होतं की फोन आला की नेट तुटायचं, पुन्हा पहिल्यापासून. अकरा एकेचाळीसला जोतीचा फोन आला. मी उचलेपर्यंत — नाही, उचलणार नव्हतोच, त्याच्या नावाकडं बघत होतो — तोवर तुटलं. अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर. जोतीला सवय होती हो. मोटार ढकलायला गेला की दहा फोन. दादा, पाणी पडतंय का बघ. दादा, सुकन्याला सांग वैरण भिजव. दादा, पलीकडं कुणाची होडी हाय रं ती. सहज बोलल्यासारखे. वर्गात असलो तरी करायचा, किती वेळा सांगितलं असेल. मी पुन्हा सुरू केलं. अकरा सत्तेचाळीसला दुसरा आला. तो मी पहिल्याच घंटीला कापला, अंगठ्यानं, आणि नेट तुटलं नाही. मला बरं वाटलं — काय सांगू तुम्हाला, मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. मग मी फोनचा आवाज बंद केला. अकरा त्रेपन्नला तिसरा. वाजला नाही, पण नाव उजळलं. जोती. तोही कापला.

अकरा अठ्ठावन्नला ते संपलं. हिरवी खूण आली. ‘माहिती यशस्वीरीत्या जमा झाली आहे.’ मी तिचा फोटो काढून ठेवला, केंद्रप्रमुखांना पाठवायला. मग बाराला लाईट आली. पेटीत स्टार्टर खट्‌कन वाजला, खाली जिन्यापाशी, वर ऐकू येतो. मी उठून उभा राहिलो, पाय बधिर झाले होते, आणि रानाकडं बघत राहिलो. मिनिटभरानं पाइपातनं आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. चारीत पडायला लागलं. आणि मी मनात म्हटलं, बघ, केलं की काम पोरानं, उगीच फोन करत होता.

पाणी पडत होतं साहेब. मी ते बघत होतो. समाधानानं बघत होतो.

सिद्धू म्हणून एक मासेमारी करणारा आहे, त्याची होडी तिथनं जवळ होती. तो गाडीवर आला. गाडी त्यानं उभी केली नाही, तशीच आडवी टाकली अंगणात, चाक फिरत होतं. तो म्हणाला, गुरुजी, मोटार बंद करा. एवढंच म्हणाला. मी जिना उतरलो, पेटी उघडली, फ्यूज काढले. तीनही काढले. आणि — तुम्हाला गंमत वाटेल — मी ते माझ्या खिशात घातले.

सांधा मारून झाला होता त्याचा. उघड्या तारांवर टेप गुंडाळायची राहिली होती. टेप त्याच्या हातातच होती म्हणे. मग माणसं जमली, वायरमन आला, पोलीस आले. पोलिसांनी विचारलं, त्यानं वर फोन नाही का केला? मी तोंड उघडायच्या आत मागून कुणीतरी म्हणालं, हितं कुटली रेंज लागतीया साहेब. कोण म्हणालं मला आजही माहीत नाही. चांगल्या मनानं म्हणालं असेल. पोलिसांनी ते लिहून घेतलं. मी तिथंच उभा होतो. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते मला जमतं. वर्गात एकोणतीस वर्षं बोलतो म्हणून लोकांना वाटतं हा बोलणारा माणूस आहे.

तुम्ही म्हणाल, मग तर हे हवंच. घरात असं नेट असतं तर फोन आल्यावर तुटलं नसतं, तुम्ही फोन उचलला असता. तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय ते. पाठ केलेलं वाक्य बदलून दुसरं लिहाल तुम्ही, तेवढे हुशार आहात. आणि खरंही असेल ते. पण मला तुमच्याकडून खरं नको. मला या गच्चीवर काही नको. ती तबकडी आभाळाशी दिवसभर बोलत बसणार, आणि मी खाली त्या जिन्यानं ये-जा करणार — कुणाचाही फोन, केव्हाही, पूर्ण रेंजमध्ये. उचलला नाही तर सांगायला कारणसुद्धा नाही.

त्याचा फोन? आहे. गाडीच्या हँडलला पिशवीत टांगलेला होता, काही झालं नव्हतं त्याला. पंचनाम्यानंतर मला दिला त्यांनी, घरातला मोठा म्हणून. सुकन्यानं मागितला होता, तेराव्यानंतर. दिपालीचे फोटो आहेत त्यात, बारक्या वासराचे आहेत, ती दोघं बार्शीला लग्नाला गेली होती तिथले आहेत. मी म्हटलं, पाणी गेलंय, चालू होत नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. दिपालीनं विचारलं — काका, कुर्डुवाडीला दुरुस्तीवाला आहे, मी नेऊ का? मी म्हटलं, मी नेतो. कपाटात आहे, माझ्या प्रमाणपत्रांच्या फाइलीखाली. चालू होतो. महिन्यातून एकदा मी चार्ज करतो. का करतो विचारू नका. उघडला की पहिल्यांदा तेच दिसतं — दादा, दादा, दादा, खाली तीन वेळा. त्याच्या फोनमध्ये माझं नाव दादा एवढंच आहे.

— हं. तेही विचारायचं राहिलंय तुमचं. रीत होती तर त्यानं फ्यूज नेले का नाहीत. विसरला असेल, असं लिहा. सगळे तसंच समजतात. वायरमन तर म्हणालाच, दहा वर्षं खिशात घालून नेणारा माणूस, नेमका त्या दिवशी विसरला, वेळ आली होती त्याची. सुकन्याही हेच म्हणते. एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, असं कसं विसरले ओ भाऊजी, स्वतःच्या जिवाचं. त्याच्यावर रागावून म्हणाली. दोन वर्षं ती मेलेल्या माणसावर रागावतीय, आणि मी समोर बसून जेवतोय.

तो विसरला नव्हता. लई शिस्तीचा होता तो त्या बाबतीत. गाडी चालू होती, पुढं भेंडोळं, मागं पाइपाचा तुकडा दोरीनं धरलेला, एक हात हँडलवर. उतरला असता तर सगळं पुन्हा सोडून बांधावं लागलं असतं. मी लॅपटॉप घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर होतो. पेटी माझ्या डाव्या खांद्यापाशी होती, हात लांब करायचा फक्त. तो गाडीवरनंच म्हणाला, “दादा, फ्यूज तेवढं काढ की, माझं हात गुतल्यात.” मी म्हटलं, “काढतो, जा तू.” तो गेला. मी वर चढलो. मनात हेच की बारा वाजायच्या आत वेबसाइट जरा मोकळी असते. आठ पायऱ्या आहेत, मग वळण, मग सहा. वळणावर मला वाटलंसुद्धा की खाली काहीतरी राहिलं. काय ते आठवलं नाही, आणि मी थांबलो नाही.

फ्यूज काढायचे राहिले.

तीन फोन त्यासाठीच असणार. काढलेस का रं, एवढं विचारायला. आणि मी कापतोय म्हटल्यावर त्यानं काय समजलं असेल — दादा कामात हाय, काढले असतील. दादानं काढतो म्हटलं होतं ना. माझ्या शब्दावर त्याचा एवढा विश्वास होता, की त्यानं हातात टेप घेतली.

आता पुरे. उठा. खोकं उचला, मी हात लावणार नाही त्याला. बसवायचंच तर शाळेवर बसवा, पोरांना बघू दे. सही मी करणार नाही. आणि ती रेंजची ओळ खोडा तुमच्या कागदातनं — नाही, पेन मला देऊ नका. माझ्या हातानं नाही होणार ते. सरपंचाला सांगा गुरुजी नाही म्हणाले, तऱ्हेवाईक झालेत, काहीही सांगा. त्या बाजूनं जाऊ नका, तिकडं पेटी आहे, अंगणातनं जा.

थांबा. कॅनचा आवाज आला. सुकन्या येतीय. ती चहाचं विचारेल, नको म्हणा. कशाला आला होता म्हणेल, तर तबकडीचं सांगा, आणि निघा. बाकीचं तिला मी अजून सांगितलेलं नाही.